आठ कलांचा फरक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘नियम’ हा एकच शब्द मराठीत दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. सरकार करते तोही नियम आणि निसर्गात आढळतो तोही नियमच. सरकारी नियम कोणी मोडला, तर मोडणाऱ्याला शासन होते. निसर्गाचा म्हणून सांगितलेला नियम एखाद्या ग्रहाने मोडला, तर त्या ग्रहाला शासन करणारे न्यायासन कोठेही नाही. अशा वेळी नियमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तो सपशेल मागे घ्यावा लागतो किंवा निदान त्याची हद्द नव्याने आखून द्यावी लागते.

दुर्दैवाने शाळा-महाविद्यालयांतून पदार्थविज्ञानाचे मूलभूत नियम शिकवले जातात ते सरकारी नियमांसारखे. विद्यार्थ्याच्या हाती तयार सूत्र पडते, सूत्राखाली एखाद्या थोर पुरुषाचे नाव असते आणि परीक्षेत ते जसेच्या तसे उतरवले की गुण मिळतात. हे सूत्र कोणी, कशावरून, किती वर्षे खपून काढले आणि कोणती गोष्ट घडली असती तर ते टाकून द्यावे लागले असते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. परिणामी विज्ञान शिकलेला माणूसही विज्ञानाकडे एक नवे शास्त्रप्रामाण्य म्हणून पाहू लागतो. जुन्या पोथीच्या जागी नवी पोथी येते. पोथीपुढे मान तुकवण्याची सवय मात्र तशीच राहते. म्हणून हे नियम मुळात आले कोठून आणि त्यांची परीक्षा कशी झाली, हे एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे.

आकाशच का?

यांपैकी फार महत्त्वाचे नियम प्रथम आकाशात सापडले आणि त्यांच्या सर्वांत कठोर परीक्षाही आकाशातच झाल्या. याचे कारण गूढ नाही. जमिनीवर चेंडू ढकलला की घर्षणाने थांबतो, पीस सोडले की वाऱ्याने भरकटते. मूळ नियम अशा शंभर अडथळ्यांखाली झाकलेला असतो. अर्थशास्त्राच्या प्रत्येक नियमाच्या आरंभी ‘इतर परिस्थिती कायम असता’ हे शब्द असतात, आणि प्रत्यक्ष व्यवहारात इतर परिस्थिती कधीच कायम नसते. ग्रहांच्या बाबतीत ती जवळजवळ कायम असते. ग्रहाला घर्षण नाही, वारा नाही. तो तीच वाट शतकानुशतके चालतो. त्याचा वेध कोणत्याही देशातील, कोणत्याही पंथाचा माणूस घेऊ शकतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने घेतलेला वेध आजच्या वेधाशी ताडून पाहता येतो. त्यामुळे येथे लहानशी चूकही फार काळ लपत नाही.

नियमावरून केलेला हिशेब आणि प्रत्यक्ष वेध जुळले नाहीत, तर तीनच शक्यता संभवतात. वेध घेण्यात चूक झाली असेल. किंवा आजवर न दिसलेली एखादी वस्तू हिशेबात धरायची राहिली असेल. किंवा नियमच चुकीचा असेल. तिन्ही शक्यता दरवेळी खुल्या असतात आणि कोणती खरी हे घरबसल्या ठरवता येत नाही. खगोलशास्त्राच्या गेल्या चारशे वर्षांच्या इतिहासात तिन्हींचे निकाल लागलेले आहेत. एका मोठ्या खटल्याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.

व्हेन बेटावरील वेध

डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ साली टायको ब्राहे या सरदाराला व्हेन नावाचे बेट वेधशाळेसाठी बहाल केले. दुर्बिणीचा शोध अजून लागायचा होता. टायकोने मोठमोठी कोनमापक यंत्रे घडवली आणि मदतनीसांच्या साहाय्याने वीस वर्षे ग्रहताऱ्यांची स्थाने मोजली. नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या या वेधांतील चूक साधारणपणे एक-दोन कलांच्या आत राहत असे. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची रुंदी सुमारे तीस कला असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची सूक्ष्मता ध्यानी येईल. हे वैभव कोणाच्या घामावर उभे राहिले, हेही विसरता कामा नये. व्हेन बेटावरील शेतकऱ्यांना वेधशाळेच्या बांधकामावर वेठीने राबावे लागले आणि त्यांनी त्याविरुद्ध राजाकडे तक्रारी केल्या.

नवा राजा आल्यावर टायकोचे दरबाराशी बिनसले. १५९७ मध्ये त्याने डेन्मार्क सोडले आणि तो पुढे प्रागला गेला. तेथे १६०० साली योहानेस केप्लर हा निर्धन, पण असामान्य बुद्धीचा गणिती त्याला येऊन मिळाला. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि वेधांच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या. मंगळाच्या गतीचे कोडे सोडवण्यास केप्लरने हात घातला. दोन हजार वर्षांची परंपरा सांगत होती की आकाशातील गती वर्तुळाकारच असली पाहिजे, कारण वर्तुळ हा परिपूर्ण आकार होय. केप्लरनेही अनेक वर्षे वर्तुळांचीच जुळवाजुळव केली. अखेर त्याला अशी एक रचना साधली की ती टायकोच्या बहुतेक वेधांशी सुरेख जुळत होती. काही ठिकाणी मात्र हिशेब आणि वेध यांत आठ कलांचा फरक पडत होता.

आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. केप्लरच्या आधीच्या कोणत्याही ज्योतिर्विदाने हा फरक वेधाच्या चुकीत ढकलून दिला असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. परंतु टायकोची यंत्रे आणि त्याची चिकाटी केप्लरला ठाऊक होती. टायकोची चूक आठ कलांची असू शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पहिली शक्यता बाद झाली. उरलेल्या आठ कलांसाठी त्याने आपलेच अनेक वर्षांचे काम टाकून दिले आणि नव्याने आरंभ केला. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने जाहीर केले की मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीशी आहे, आणि ग्रह सूर्याजवळ असताना जलद, दूर असताना मंद चालतो. १६१९ मध्ये त्याने तिसरा नियम दिला: ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचे अंतर पृथ्वीच्या ५.२ पट आहे. त्याचा घन सुमारे १४०.६ येतो. गुरूचा प्रदक्षिणाकाल ११.८६ वर्षे आहे. त्याचा वर्ग सुमारे १४०.७ येतो. कागद-पेन्सिल असलेल्या कोणालाही हा ताळा करून पाहता येईल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टायकोचे स्वतःचे मत असे होते की इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. त्याच्या वेधांनी अखेर त्याच्याच मताचा पाडाव केला. वेध प्रामाणिकपणे घेतलेले असले म्हणजे ते घेणाऱ्याच्या मताचे बांधील राहत नाहीत.

दगड आणि चंद्र

केप्लरचे नियम ग्रह कसे फिरतात हे सांगत होते. का फिरतात हे सांगत नव्हते. ते काम १६८७ साली न्यूटनच्या ग्रंथाने केले. पृथ्वीवरचे नियम वेगळे आणि स्वर्गातले वेगळे, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आली होती. न्यूटनने ती एका साध्या हिशेबाने मोडून काढली. हा हिशेब प्रत्येक अभ्यासवर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगा आहे.

हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे साठ त्रिज्यांइतका दूर आहे. पृथ्वीची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी क्षीण असली पाहिजे. पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठ सेकंदांत ते एका सेकंदाच्या ३६०० पट होते. म्हणजेच दगड एका सेकंदात जेवढा पडतो, तेवढाच चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे पडला पाहिजे. आता चंद्राची प्रत्यक्ष गती पाहावी. एका मिनिटात तो आपल्या कक्षेत सुमारे ६१ किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्या वेळात सरळ रेषेपासून पृथ्वीच्या बाजूला वळतो तो सुमारे ४.९ मीटर. हिशेब जुळला. झाडाचे फळ आणि आकाशातील चंद्र एकाच कायद्याखाली आले. आकाशातील विशेष अधिकारांची राजवट त्या दिवशी संपली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

न दिसलेला ग्रह

न्यूटनच्या नियमाचा दरारा पुढील दीडशे वर्षे वाढतच गेला. १७८१ साली विल्यम हर्शेल या पेशाने संगीतकार असलेल्या माणसाने इंग्लंडमधील बाथ येथे स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून युरेनस शोधून काढला. या नव्या ग्रहाची कोष्टके तयार झाली. पण ग्रह काही कोष्टकाप्रमाणे चालेना. १८४० नंतर हा फरक एका कलेच्याही पुढे गेला. केप्लरला आठ कलांनी अस्वस्थ केले होते. आता एका कलेने युरोपातील गणिती अस्वस्थ झाले. सूर्यापासून इतक्या दूर न्यूटनचा नियम थोडा बदलत असेल काय, अशी शंकाही काहींनी बोलून दाखवली.

फ्रान्समध्ये उर्बें लव्हेरिए आणि इंग्लंडमध्ये जॉन काउच ॲडम्स या दोघांनी, एकमेकांना नकळत, दुसरी शक्यता धरून हिशेब मांडला. युरेनसच्या पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असून तो युरेनसला ओढत असेल, तर तो आकाशात नेमका कोठे असावा? लव्हेरिएचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांच्या हाती २३ सप्टेंबर १८४६ रोजी पडले. त्याच रात्री गाले आणि हाइनरिक डारेस्ट हा विद्यार्थी यांनी दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नवा ग्रह सापडला. तो नेपच्यून. दोष वेधाचा नव्हता आणि नियमाचाही नव्हता. हिशेबातील एक नोंद राहिली होती.

याहून मोठा विजय नियमाला मिळणे कठीण. आणि नेमक्या अशा विजयातच पुढच्या चुकीचे बीज असते.

न सापडलेला ग्रह

बुधाची कक्षाही हिशेबाशी पूर्णपणे जुळत नव्हती. कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकत असतो. इतर ग्रहांच्या ओढीचा सारा परिणाम वजा केल्यावरही तो शतकामागे थोडा जास्तच सरकतो, असे १८५९ साली लव्हेरिएने दाखवून दिले. हा जादा भाग पुढे अधिक काटेकोर मोजणीत ४३ विकला ठरला. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. या गतीने एक अंशाचा फरक पडायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील. तरीही लव्हेरिएने तो दुर्लक्षिला नाही, हा त्याचा मोठेपणा.

उपाय मात्र त्याने जुनाच योजला. नेपच्यूनच्या वेळी न दिसलेला ग्रह मानला आणि तो सापडला. तेव्हा बुधाच्याही आत सूर्याजवळ एखादा ग्रह असला पाहिजे. त्याचे नावही ठरले: व्हल्कन. लेकार्बो नावाच्या एका ग्रामीण डॉक्टरने सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले. लव्हेरिए स्वतः त्याच्या गावी गेला, त्याची उलटतपासणी करून आला आणि १८६० च्या आरंभी ग्रहाची घोषणाही झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे सूर्यग्रहणांच्या वेळी व्हल्कनचा शोध चालला. १८७८ च्या ग्रहणात अमेरिकेत दोघा निरीक्षकांनी तो दिसल्याचे सांगितले. इतरांना तो दिसला नाही, आणि पुढेही कोणाला तो निर्विवाद दिसला नाही. लव्हेरिए १८७७ साली २३ सप्टेंबरलाच, नेपच्यून सापडल्याच्या तारखेलाच वारला. व्हल्कनवरचा त्याचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नव्हता.

या प्रकरणाकडे हसून पाहण्याचे कारण नाही. जी पद्धत १८४६ साली बरोबर ठरली, तीच १८५९ नंतर चुकली. पद्धतीत दोष नव्हता; एकदा यश मिळाले म्हणून दरवेळी तोच निकाल लागेल, हे गृहीत धरण्यात दोष होता. असे व्हल्कन प्रत्येक शास्त्रात आणि प्रत्येक चळवळीत असतात. बाजार आपोआप सर्वांना काम पुरवतो, असे मानणाऱ्यांना १९२९ नंतरच्या महामंदीत बाजाराच्या वाटेत आलेले नाना अदृश्य अडथळे दिसू लागले. क्रांती प्रथम सर्वांत पुढारलेल्या औद्योगिक देशांत होईल, असे मानणाऱ्यांनी १९१७ नंतर तितक्याच तत्परतेने नवी कारणे शोधली. ती सगळी कारणे खोटी होती असे नव्हे. नेपच्यून खरा होताच. प्रश्न एवढाच की सांगितलेले कारण कोठे शोधावे आणि ते सापडले नाही तर काय मान्य करावे, हे आधी ठरवले होते काय? खगोलशास्त्रात व्हल्कनचा शोध चालू असतानाही तो कोठे आणि केव्हा दिसावा, हे जाहीर होते. म्हणूनच तो नाही हे अखेर सिद्ध होऊ शकले.

नियमाची हद्द

१९१५ च्या नोव्हेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपला व्यापक सापेक्षता सिद्धान्त पूर्ण केला. युद्धाच्या आरंभी जर्मन प्राध्यापकांनी स्वदेशाच्या समर्थनार्थ पत्रके काढली, तेव्हा युरोपीय ऐक्याचे आवाहन करणाऱ्या युद्धविरोधी पत्रकावर सही करणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक होते. नव्या सिद्धान्तानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे दुरून लावलेली ओढ नसून वस्तुमानामुळे अवकाश-काळाला येणारी वक्रता होय. या सिद्धान्तातून बुधाच्या ४३ विकला, कोणताही नवा ग्रह न मानता आणि कोणताही आकडा पदरचा न घालता, सरळ बाहेर पडल्या. तिसरी शक्यता खरी ठरली होती. न्यूटनचा नियम सूर्याच्या फार जवळ अपुरा पडत होता.

पण जुना फरक नंतर जुळवून दाखवणे वेगळे आणि न पाहिलेले आधी सांगणे वेगळे. आइन्स्टाइन यांनी असेही सांगितले की सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकलांनी वळला पाहिजे. न्यूटनच्या कल्पनेने हिशेब केला तर याच्या निम्मा, सुमारे ०.८७ विकला, येतो. सूर्याजवळचे तारे खग्रास ग्रहणातच दिसू शकतात आणि तसे ग्रहण २९ मे १९१९ रोजी होते. ब्रिटनमधून फ्रँक डायसन यांच्या पुढाकाराने दोन पथके निघाली. एक ब्राझीलमधील सोब्राल येथे गेले. आर्थर एडिंग्टन यांचे दुसरे पथक आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिप बेटावर गेले. एडिंग्टन हे क्वेकर पंथाचे, सैन्यात जाण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे. शत्रुराष्ट्राच्या राजधानीत बसलेल्या शास्त्रज्ञाचा सिद्धान्त तपासण्याची तयारी त्यांनी आणि डायसन यांनी युद्ध चालू असतानाच केली होती.

निकाल ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये जाहीर झाला. प्रिन्सिपचा आकडा सुमारे १.६ विकला आणि सोब्रालच्या चांगल्या छायाचित्रांचा सुमारे १.९८ विकला. सोब्रालच्या दुसऱ्या दुर्बिणीची छायाचित्रे अस्पष्ट आली होती. त्यांचा आकडा न्यूटनच्या बाजूचा असूनही तो विश्वासार्ह धरला गेला नाही. याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती होणे योग्यच होते, कारण नको तो आकडा बाजूला सारण्याचा मोह प्रत्येक संशोधकाला असतो. टीकेचा निकाल वक्तृत्वाने लागला नाही. तो पुन्हा मोजून लागला. १९२२ साली ऑस्ट्रेलियात घेतलेल्या ग्रहणवेधांनी आइन्स्टाइन यांच्याच बाजूने कौल दिला आणि १९७९ मध्ये जुन्या काचांची नव्या यंत्राने मोजणी झाली, तेव्हाही तेच दिसले.

न्यूटनचा नियम यामुळे रद्दबातल झाला काय? मुळीच नाही. धरण बांधणारा अभियंता आणि उपग्रह सोडणारा शास्त्रज्ञ आजही तो वापरतात. त्याची हद्द मात्र कळली. आणि ही हद्द केवळ पंडितांच्या कामाची नाही. दिशादर्शक उपग्रहांवरील घड्याळे सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर ठिकाणाच्या हिशेबात एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. बुधाच्या ४३ विकलांतून पक्का झालेला सिद्धान्त आज रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्ये राबत आहे.

प्रलंबित खटला

आता निकाल न लागलेल्या खटल्याविषयी. सूर्यापासून जितके दूर जावे तितकी ग्रहांची गती कमी होते. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, तर नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेतील ताऱ्यांचेही असेच असायला हवे, कारण दीर्घिकेचा तेजस्वी भाग मध्याशी एकवटलेला असतो. १९७० साली व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेची मोजमापे प्रसिद्ध केली. पुढील वर्षांत अनेक दीर्घिकांचे असे वेध झाले. बाहेरच्या भागातील गती कमी होतच नव्हती. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच कोमा दीर्घिकासमूहाबाबत अशी विसंगती दाखवली होती, पण तिच्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. रूबिन यांना पालोमारच्या वेधशाळेत अधिकृतपणे वेध घेण्याची परवानगी मिळाली ती १९६५ साली. तोवर तेथे स्त्रियांना ती मिळत नसे. अर्ध्या मानवजातीला दुर्बिणीपासून दूर ठेवून किती वेध हुकले, याचा हिशेब कोण देणार?

आठ कलांचा आणि ४३ विकलांचा फरक लहान होता. हा फरक प्रचंड आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत असे की दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट न दिसणारे द्रव्य विश्वात आहे. म्हणजे हा नेपच्यूनचा प्रकार आहे. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली दुसरी बाजू मांडली: अतिशय क्षीण गुरुत्वाकर्षणात नियमच बदलत असेल. म्हणजे हा बुधाचा प्रकार. अदृश्य द्रव्याच्या बाजूने अनेक स्वतंत्र पुरावे आहेत आणि पारडे तिकडे झुकलेले आहे, हे खरे. पण त्या द्रव्याचा एकही कण, खोल खाणींत ठेवलेल्या संवेदनशील यंत्रांनाही, आजवर सर्वमान्य पुराव्यानिशी सापडलेला नाही. रूबिन यांचेच नाव दिलेल्या चिलीमधील नव्या वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. या प्रश्नाचा शोध हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक आहे.

खोडद आणि औंढा नागनाथ

हे सारे दूरदेशीचे आहे, असे कोणी मानू नये. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी ती देशातच उभारली; तबकड्यांना भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी लावून त्यांनी वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात ठेवले. ही दुर्बीण वापरणाऱ्या भारतीय गटाने युरोपीय गटासह स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांचे वर्षानुवर्षे टिपण ठेवले. अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या खुणा त्यांत आढळल्याचे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झाले. इतर देशांतील गटांचेही निष्कर्ष त्याच वेळी आले. अशा लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम प्रत्यक्ष पकडल्या गेल्या होत्या. त्याच जातीचे यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून तेथे काय मोजायचे आहे आणि का, हे त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलीला मराठीत समजावून सांगणे, हा त्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

आकाशाविषयी बोलणारा आणखी एक धंदा या महाराष्ट्रात जोरात चालतो. ग्रहांवरून माणसाचे भवितव्य सांगणाऱ्यांनाही तीच कसोटी लावता येते. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह तसे केले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि सत्तावीस जणांनी उत्तरे दिली. कोणती कुंडली कोणाची, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. केप्लरने आठ कलांसाठी आपले काम फाडले. येथे निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली, तरी कोणी दुकान बंद केल्याचे ऐकिवात नाही. खगोलशास्त्र आणि फलज्योतिष यांत अंतर आहे ते एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

अदृश्य द्रव्य सापडेल की गुरुत्वाकर्षणाचा नियम पुन्हा लिहावा लागेल, हे कोणत्याही सरकारच्या, विद्यापीठाच्या किंवा पक्षाच्या ठरावाने ठरणार नाही. त्यासाठी वेध घ्यावे लागतील, ते सर्वांसाठी खुले ठेवावे लागतील आणि जुळत नसलेला आकडा वहीतून खोडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल. अभ्यासवर्गाच्या पुढील बैठकीत चंद्राच्या पडण्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या हाताने करून पाहावा. तेथून आरंभ केला म्हणजे पुढचे सारे समजण्यासारखे आहे.